फोन वाजण्याआधीच ठरवा: गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून टप्प्याटप्प्याने करायची तयारी

गाडी चालवताना फोन वापरू नये हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तरी कुठल्याही सिग्नलला आजूबाजूला बघा. कुणाची मान खांद्याकडे कललेली असते आणि मध्ये फोन दाबलेला असतो, कुणाचा अंगठा स्टिअरिंगच्या आडून चालू असतो. ही सगळी बेफिकीर माणसं नसतात. त्यांचा क्रम चुकलेला असतो. निघताना ती काहीच ठरवत नाहीत आणि साठच्या वेगाने जात असताना फोन वाजला की मग ठरवायला लागतात. बॉसचा आहे, बायकोचा आहे, आईचा आहे, उचलू की नको? हा विचार सुरू झाला की फोन उचला किंवा उचलू नका, लक्ष गेलेलंच असतं.

म्हणून या लेखातलं बरंचसं काम गाडी सुरू करण्याआधीचं आहे. पहिले पाच टप्पे घरी किंवा उभ्या गाडीत करायचे, तेही दिलेल्या क्रमाने. पहिल्यांदा पाऊण तास लागेल. एकदा जम बसला की रोजचं काम दोन मिनिटांचं.

## सुरुवातीला दोन गैरसमज

पहिला: "माझं ब्लूटूथ आहे, हात मोकळे आहेत." हात मोकळे असतात, डोकं नसतं. लक्ष तीन प्रकारे जातं: डोळे रस्त्यावरून हटतात, हात स्टिअरिंगवरून सुटतो किंवा मन दुसरीकडे जातं. हँड्सफ्रीने यातला फक्त हाताचा प्रश्न सुटतो. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट असते, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलताना समोरचं दृश्य डोळ्यांना दिसतं, पण मेंदू त्याची नोंद घेत नाही. "तो अचानक कुठून आला कळलंच नाही" असं अपघातानंतर लोक म्हणतात ते बऱ्याचदा खरं असतं. माणूस समोर होता, पण त्यांच्या मनापर्यंत पोचला नव्हता.

दुसरा: "मी फक्त सिग्नलला बघतो." आवाजी आज्ञा देऊन फोन किंवा गाडीतली यंत्रणा वापरल्यानंतर मन रस्त्यावर परत यायला किती वेळ लागतो, हे अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेसाठी युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये तपासलं. सगळ्यात किचकट यंत्रणांच्या बाबतीत तो वेळ 27 सेकंदांपर्यंत गेला. ताशी 40 किलोमीटरने 27 सेकंद म्हणजे 300 मीटर. सिग्नलला वाचलेला मेसेजही तसाच तुमच्याबरोबर पुढच्या चौकापर्यंत येऊ शकतो, आणि मधल्या 300 मीटरमध्ये शाळेचं फाटकही असू शकतं.

अंतराचा हिशेब एकदा नीट बघून ठेवा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा जास्त. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेच्या 2009 मधल्या अभ्यासात ट्रकचालक मेसेज करताना सहा सेकंदांतले साधारण 4.6 सेकंद रस्त्याकडे बघत नव्हते. आपल्या 80 च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी शंभर मीटर पुढे जाते, बिनडोळ्यांनी.

## टप्पा 1: आधी माणसांना सांगा, फोनला नंतर

बहुतेक जण इथेच चुकतात. फोनची सेटिंग करून मोकळे होतात आणि घरच्यांना काही सांगत नाहीत. मग घरचे काळजीने पुन्हा पुन्हा फोन करतात आणि शेवटी चालक वैतागून सगळी सेटिंग बंद करून टाकतो. चालकाला येणारे फोन आठवून बघा. "कुठे पोचलास?", "निघालास का?", "येताना दूध आण." बहुतेक आपल्याच माणसांचे असतात.

1. घरी एकदा शांतपणे बोला: "मी गाडीत असताना फोन उचलणार नाही. उचलला नाही तर काही झालं असं समजू नका. थांबलो की मीच करेन." रागाने नको, समजावून सांगा. वयस्कर आईवडिलांना हे दोन-तीनदा सांगावं लागतं.

2. लांबच्या प्रवासाला निघताना व्हॉट्सॲपवर घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन पाठवा. त्यात 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे पर्याय असतात. मुंबईहून कोल्हापूरला निघालात तर आठ तासांचा घ्या. गुगल मॅप्समध्ये रस्ता सुरू केल्यावर प्रवासाची प्रगती शेअर करता येते, त्यात पोचायची अंदाजे वेळही दिसते. घरच्यांना ही दुसरी सोय जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे. गाडी नकाशावर कुठे आहे यापेक्षा माणूस कधी पोचणार हे त्यांना हवं असतं.

3. कामाच्या ठिकाणी प्रवासाची वेळ आधी कळवा. "साडेपाच ते सात मी रस्त्यावर असेन" असा एक मेसेज पुरतो. गाडीतून मीटिंगला जोडून घ्यायची पद्धत आता सर्रास झाली आहे. ती तुम्ही स्वीकारू नका, आणि हाताखालच्या माणसांकडून तर मुळीच करून घेऊ नका. तुमच्या फोनमुळे दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

4. उलट बाजूही पाळा. कुणाला फोन लावल्यावर मागून हॉर्न ऐकू आला तर पहिला प्रश्न "गाडी चालवतोयस का?" आणि उत्तर हो आलं तर "ठेव, नंतर बोलू." समोरच्याच्या "बोल बोल, काही नाही" ला भुलू नका.

तपासा: तुम्ही तासभर फोन उचलला नाही तर घाबरून जाईल असं कोण आहे? त्या माणसाला सांगून झालं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: फोन गप्प करा, पण अर्धवट नको

फोन सायलेंट करून डॅशबोर्डवर ठेवणं म्हणजे तयारी नव्हे. स्क्रीन उजळते, फोन थरथरतो आणि नजर जातेच.

आयफोन: सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग. हा फोकस कधी सुरू व्हावा ते विचारलं जातं. गाडीत ब्लूटूथ असेल तर "गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर" हा पर्याय निवडा, म्हणजे रोज आठवणीने करावं लागत नाही. त्यातच आपोआप उत्तर पाठवायची सोय असते.

सॅमसंग: सेटिंग्जमध्ये मोड्स अँड रूटीन्स, त्यात ड्रायव्हिंग. इथेही गाडीच्या ब्लूटूथवर सुरू होईल असं करता येतं.

इतर अँड्रॉइड: नावं कंपनीगणिक बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत "ड्रायव्हिंग" किंवा "डू नॉट डिस्टर्ब" टाइप करा. ड्रायव्हिंग मोड सापडला नाही तर डू नॉट डिस्टर्ब पुरे.

आपोआप जाणारा मेसेज मराठीत लिहा आणि तुम्ही फोन कधी कराल ते त्यात सांगा. "आत्ता गाडी चालवतोय. थांबलो की फोन करतो. घाईचं असेल तर मेसेजमध्ये लिहून ठेवा." तयार इंग्रजी वाक्य आपल्या मावशीला कंपनीचा मेसेज वाटतो आणि ती पुन्हा फोन लावते.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. डू नॉट डिस्टर्बमध्ये "पुन्हा फोन करणारे" असा एक अपवाद असतो. त्याच माणसाने थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची, अँड्रॉइडवर बहुधा पंधरा. मागचा विचार चांगला आहे, खरंच आणीबाणी असेल तर फोन लागावा. पण आपल्याकडे उचलला नाही की लगेच पुन्हा लावायचा, हीच रीत. त्यामुळे हा अपवाद चालू ठेवला तर जवळजवळ सगळेच फोन वाजतात आणि माणूस म्हणतो, "हे सेटिंग चालतच नाही." अपवाद बंद करा. आणीबाणीसाठी एकदोनच नंबर आवडत्यांमध्ये ठेवा आणि त्या माणसांना सांगा की खरोखर घाईचं असेल तरच लावायचा.

शेवटी फोन ठेवायची जागा ठरवा. नकाशा लागणार असेल तर होल्डरमध्ये, नसेल तर मागच्या सीटवर बॅगेत. मांडीवर, दोन सीटच्या मध्ये किंवा शर्टच्या खिशात नको. मांडीवरचा फोन ब्रेक दाबला की पायाशी पडतो, आणि तो उचलायला वाकणं हे मेसेज वाचण्याहून वाईट.

तपासा: मोड सुरू करून दुसऱ्या फोनवरून स्वतःला दोनदा लागोपाठ फोन करा. वाजला? मग वरचा अपवाद अजून चालू आहे.

## टप्पा 3: रस्ता घरीच बघून घ्या

नकाशासाठी फोन वापरायला कायद्याची मुभा आहे, पण अटीवर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 मध्ये झालेल्या बदलानुसार हातातलं संपर्काचं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता मोडणार नाही अशाच पद्धतीने वापरायचं. होल्डरमधला फोन वारंवार बोटाने सरकवत, झूम करत गाडी चालवणं त्यात बसत नाही.

निघण्याआधी पूर्ण रस्ता एकदा नजरेखालून घाला. कुठे महामार्ग सोडायचा, कुठल्या गावात उजवीकडे वळायचं, घाट कुठे लागतो. दोन-तीन खुणेची ठिकाणं लक्षात ठेवा. ज्याला रस्ता ढोबळ माहीत असतो तो नकाशाकडे फार कमी बघतो.

घाटात नेटवर्क जातं. ताम्हिणी किंवा आंबोलीकडे जाणार असाल तर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. नकाशाचा आवाज सुरू ठेवा, मोठा ठेवा आणि गाणी त्याहून हळू. बरेच जण उलटं करतात आणि मग वळण डोळ्यांनी शोधत बसतात.

होल्डर कुठे लावायचा? समोरच्या काचेच्या मधोमध नाही, कारण तिथे तो रस्त्याचाच तुकडा झाकतो. एअरबॅग उघडेल त्या जागेवरही नाही. एसीच्या जाळीवर किंवा डॅशबोर्डवर, नजर जराशी खाली गेली की दिसेल असा.

फास्टॅगची शिल्लकही आत्ताच बघा. टोलच्या रांगेत पुढची गाडी सरकत असताना रिचार्ज करणारे आणि त्यात पुढच्या गाडीला टेकवणारे रोज दिसतात.

सावधान: रस्ता चुकला तर चुकू द्या. ॲप नवा रस्ता काढून देतं. एक्स्प्रेस-वेवर बाहेर पडायचा फाटा चुकला म्हणून कडेला थांबून गाडी मागे घेणारे लोक आहेत. पुढच्या फाट्यापर्यंत जा आणि वळून या. डिझेल जाईल, जाऊ दे.

## टप्पा 4: गाडीच्या आत काय सुटं आहे?

फोनवर सगळं खापर फोडताना हा टप्पा राहून जातो. लक्ष घालवणाऱ्या बऱ्याच गोष्टी गाडीतच पडलेल्या असतात.

- पाण्याची बाटली. चालकाच्या पायाशी सुटी बाटली कधीच नको. उतारावर ती घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. चालकाच्या सीटखालचं सगळं सामान काढा. काढून ठेवलेली चप्पलसुद्धा.
- आरशाला टांगलेल्या वस्तू. माळ, बाहुली, सुगंधाची डबी, कधी गेल्या दसऱ्याचं तोरण. हलणारी वस्तू डोळ्यांना खेचते आणि डावीकडून येणाऱ्या दुचाकीला झाकते. देवाची मूर्ती ठेवायची तर लहान, पक्की चिकटवलेली आणि एअरबॅगच्या झाकणापासून दूर.
- सीट आणि आरसे. दोन्ही निघण्यापूर्वी जुळवा. चालत्या गाडीत सीट पुढेमागे करणं धोक्याचं आहे, सीट एकदम सरकली तर पाय पेडलवरून सुटतो.
- खाणं. वडापाव एका हाताने खाता येतो, म्हणून लोक खातात. मग चटणी सांडते आणि नजर शर्टाकडे जाते. थांबून खा.

आणि पावसाळ्यासाठी एक सराव, जो फारच कमी लोक करतात. घाटात ढग खाली आले की समोरची काच आतून धुरकट होते. त्या क्षणी चालक बटणं शोधायला लागतो, चुकीचं दाबतो, काच पुसायला फडकं काढतो, आणि समोरून एसटी येत असते. घरी, उभ्या गाडीत, डोळे मिटून हे करून बघा: हवा समोरच्या काचेवर सोडायचं बटण, एसी सुरू, पंख्याचा वेग, वायपर, मागच्या काचेची तापक तार, पार्किंग लाइट. बोटांना जागा पाठ झाल्या पाहिजेत. टचस्क्रीनवर सगळं असलेल्या नव्या गाड्यांत हे जमत नाही, म्हणून पावसात निघतानाच एसी चालू करून हवा काचेवर सोडून ठेवा.

तपासा: गाडीतलं कुठलंही काम करायला रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त काढावी लागते का? अमेरिकेतल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने गाडीतल्या उपकरणांसाठी एका नजरेला हीच मर्यादा 2013 मध्ये सुचवली होती. त्याहून जास्त वेळ लागणारं काम थांबून करायचं काम आहे असं समजा.

## टप्पा 5: सोबतच्यांना कामं वाटून द्या

शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला स्पष्ट सांगा: "फोन, नकाशा, टोल, गाणी तुझ्याकडे." त्याने फोन उचलायचा, निरोप घ्यायचा, पण तो स्पीकरवर टाकून चालकाच्या तोंडासमोर धरायचा नाही. हे शेवटचं सांगावंच लागतं.

लहान मुलं मागच्या सीटवर, पट्टा लावून, त्यांच्या वयाला योग्य सीटमध्ये. खाऊ, पाणी आणि पुसायचा कपडा त्यांच्या हाताच्या अंतरावर ठेवा. भांडण सुरू झालं किंवा कुणी रडायला लागलं तर मागे वळून दटावू नका. आवाजाने समजावा, जमलं नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा. मूल चालकाच्या मांडीवर बसवणं ही चूक अजून दिसते आणि प्रेमापोटीच होते. पण टक्कर झाली तर चालक आणि स्टिअरिंगच्या मध्ये ते मूल असतं.

घरातले वाद गाडीत काढू नका. चिडलेल्या माणसाचे डोळे रस्त्यावर असतात, मन नसतं. चालकाने "आत्ता नको, पोचल्यावर बोलू" म्हटलं तर समोरच्याने तो अपमान समजू नये.

## टप्पा 6: आता किल्ली फिरवा. रस्त्यावर काय करायचं?

एवढी तयारी झाली तरी कधीतरी फोन वाजेल, काही आठवेल, काही पडेल. तेव्हाचा क्रम असा:

1. काहीच करू नका. वाजू द्या. पडलेली वस्तू पडू द्या.
2. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं मोजा. तुम्ही त्याआधी खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात यात आणखी दोन सेकंद घाला.
3. खरंच घाईचं वाटलं तर थांबायची जागा शोधा: पेट्रोल पंप, ढाबा, फूड मॉल, गावातला रुंद कडेचा भाग.
4. आरसा, इंडिकेटर, हळूहळू बाजूला, पूर्ण थांबणं, हँडब्रेक, मग फोन. या क्रमात फोन शेवटी येतो. बाजूला घेता घेता "हॅलो" म्हणणारे बरेच अपघात करतात, कारण त्याच वेळी डावीकडून दुचाकी येत असते.
5. पुन्हा निघण्याआधी एक मिनिट बसा. फोनवरची बातमी मनातून खाली उतरू द्या. वाईट बातमी असेल तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

सावधान: एक्स्प्रेस-वेच्या कडेची पट्टी ही फोनवर बोलायची जागा नव्हे. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला झापड आली असेल तर तुमची उभी गाडी त्याला दिसणार नाही. मुंबई-पुणे मार्गावर खालापूर आणि तळेगावला फूड मॉल आहेत, तिथपर्यंत कळ काढा. गाडी बंद पडून थांबावंच लागलं तर पार्किंग लाइट लावा, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेवा, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि मग मदत मागा. राष्ट्रीय महामार्गावर 1033, जखमी असेल तर 108, पोलिसांसाठी 112.

पावसाळी घाटांचा उल्लेख वेगळा करायला हवा. माळशेजला, वरंध्याला धबधबे दिसले की चालकाची मान वळते आणि मान वळली की गाडीही थोडी वळते. चालकाने धबधबा बघायचा नाही. बघायचा असेल तर ठरवून दिलेल्या जागी गाडी लावून, उतरून, निवांत बघा. चालत्या गाडीतून एका हाताने व्हिडिओ काढणाऱ्याशेजारी बसला असाल तर फोन हातातून काढून घ्या. भीड धरू नका.

## टप्पा 7: दुचाकीवाल्यांसाठी वेगळे नियम

दुचाकी चालवताना लक्ष विचलित झालं तर सावरायला पत्राही नाही आणि पट्टाही नाही. म्हणून इथे सूट कमी.

हेल्मेटच्या आत फोन खुपसून बोलणं सगळीकडे दिसतं. त्याने फोन तर धोकादायक होतोच, हेल्मेटही सैल बसतं आणि पडल्यावर डोक्यावर राहत नाही. दोन्ही कानांत इअरफोन घातला की मागचा हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा, शेजारून येणारी रिक्षा यातलं काही ऐकू येत नाही.

हँडलवर फोन लावायचाच असेल तर फक्त नकाशासाठी, आवाज सुरू करून, आणि ब्रेक किंवा हँडलच्या वळण्यात अडकणार नाही असा. इंजिनच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता. तेव्हा महागडा फोन लावताना कंपन कमी करणारा होल्डर घ्या.

सामान किंवा जेवण पोचवणाऱ्या मुलांची अडचण खरी आहे. नवी ऑर्डर आली की काही सेकंदांत होकार द्यावा लागतो आणि तेवढ्यात गाडी चालू असते. त्यांना एवढंच सांगता येईल: फोन वाजला की डावीकडे घ्या, पाय टेकवा, मग स्क्रीनला हात लावा. एखादी ऑर्डर गेली तर गेली. आणि आपण, मागवणाऱ्यांनी, तो रस्त्यात असताना "कुठे आहेस?" असा फोन करू नये. ॲपवर तो दिसत असतो. पत्ता नीट लिहिला, खूण लिहिली, तर त्यालाही फोन करावा लागत नाही.

## टप्पा 8: सरळ, मोकळा रस्ता

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर आहे, आणि सपाटीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. त्या वेगात सेकंदाला 33 मीटर जातात. चौक नाही, सिग्नल नाही, समोर सारखंच डांबर किंवा काँक्रीट. अशा रस्त्यावर कंटाळा येतो आणि कंटाळलेला माणूस आपणहून फोन हातात घेतो. काही जणांचे डोळे उघडे असतात आणि मन झोपलेलं. मागचे दहा किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, अशी जाणीव झाली की तोच इशारा.

दर दोन तासांनी थांबायचं हे निघतानाच ठरवा, ठिकाणांसकट. थांबलात की उतरा, चाला, तोंड धुवा. झोप येत असेल तर मोठ्याने गाणी लावून किंवा काच खाली करून ती जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. टायरची हवा निघण्याआधी तपासा आणि वेग मर्यादेच्या खालीच ठेवा, कारण 120 च्या वेगात लक्ष क्षणभर गेलं तरी सावरायला अंतर उरत नाही.

## टप्पा 9: दुसरा चालवत असेल तेव्हा

आपण बरेचदा मागे बसलेले असतो: कॅबमध्ये, रिक्षात, खासगी बसमध्ये, एसटीत. चालक फोनवर बोलत असेल तर बहुतेक लोक गप्प बसतात. वाद नको, उशीर नको म्हणून. पण बोलण्याची एक पद्धत आहे आणि ती चालते. आरडाओरडा न करता, आदराने: "दादा, जरा बाजूला घ्या, फोन करून घ्या, मला घाई नाही." यात त्याला फोन करायला जागा मिळते आणि मान राहतो. बऱ्याचदा चालक "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवून देतो. बसमध्ये चालकाशी थेट वाद घालू नका, त्यानेही लक्ष जातं. वाहकाला सांगा. तरीही नाही ऐकलं तर गाडी क्रमांक, वेळ आणि ठिकाण लिहून घ्या आणि उतरल्यावर तक्रार करा. कॅब असेल तर ॲपमध्ये, बस असेल तर आगारात.

कायदा या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 ची दुरुस्ती झाल्यापासून चालवताना हातात धरून फोन वापरणं हे कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवणं धरलं जातं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

स्कूल व्हॅनच्या बाबतीत मात्र तक्रारीची वाट बघू नका. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यातच व्हॅनच्या काकांना भेटा आणि विचारा: पालकांचे फोन गाडी चालू असताना कोण घेतं? "मीच घेतो" असं उत्तर आलं तर पालकांनी मिळून ठरवावं की व्हॅनच्या वेळेत कुणीही काकांना फोन करायचा नाही. व्हॅनमध्ये मदतनीस ताई असतील तर त्यांचा नंबर सगळ्यांना द्यावा, उशीर झाला तर त्यांनाच विचारावं. आणि मुलांना सांगून ठेवा की काका फोनवर बोलत होते हे घरी येऊन सांगणं म्हणजे चहाडी नाही.